सासूबाईंची घुसखोरी

सोमवार, ३ नोव्हेंबर

साहेबांसमोर आज तोंडघशी पडले. विभागातल्या सगळ्या शाळांची सुरक्षा आणि आपत्कालीन तयारी माझ्याकडे आहे. पाटीच इतकी लांब की वाचेपर्यंत माणूस कशाला आला होता ते विसरतो. साहेबांनी विचारलं, "उद्या कुणी अनोळखी माणूस शाळेत शिरायला लागला, तर गेटवर अडवतील?" म्हटलं, अडवतील. "कशावरून?" म्हटलं, सगळ्यांना नियम पाठवलेत. "असं. पाठवलेत," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ.

घरी नवऱ्याला म्हटलं, कुणाला तरी गुपचूप पाठवून बघायला हवं. गेटवाले मला ओळखतात. तू जा ना. तर म्हणाला, "मला धरून चोप दिला तर?" सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाते."

आम्ही दोघं हसलो. त्या नाही हसल्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

त्या खरंच जाणार आहेत! विचारून घेतलंय मी — तीनदा. "अगं, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. न बघता माणूस ओळखायचा धंदा माझा. इथे तर बघायला मिळणार." आवाज अजून तसाच आहे. 'थांबा हं' म्हणाल्या की कुकरसुद्धा शिट्टी आवरतो.

आमचं दोघींचं कधी भांडण झालेलं नाही. लोक कौतुक करतात. खरं म्हणजे भांडायला आधी बोलावं लागतं. आमचं बोलणं गॅस आला का, दूध तापवलं का, इतपतच. आज मात्र जेवणाच्या टेबलावर बसून दोघींनी कट शिजवला. नवरा पाणी प्यायला आला, आमच्याकडे बघितलं, पाणी न पिताच गेला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पुलाजवळची शाळा. त्यांनीच निवडली. माझा नवरा तिथेच शिकला, त्याला रोज आणायला जायच्या, त्यामुळे वाट पायाखालची. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लपून उभी. गेटवर पहिलवान. अंगाने उदबत्तीची काडी, म्हणून नाव पहिलवान.

सासूबाई सरळ त्याच्यापाशी गेल्या. "काय रे बाबा, माझा चष्मा राहिलाय आत. सकाळपासून जीव नुसता कासावीस." पहिलवानाने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कडी काढली, पायरीवर हात दिला. मी घड्याळाकडे बघत राहिले. बाई बाहेर येईनात! शेवटी आल्या — चहा पिऊन, आणि खरोखरच एक चष्मा घेऊन. स्टाफरूमच्या कपाटात कुणाचा तरी पडला होता, तो सगळ्यांनी मिळून शोधून त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"चांगली आहेत गं माणसं," रिक्षात म्हणाल्या. "पण नंबर जुळत नाही."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाजारातली शाळा: हातात केकचा रिकामा खोका. गेटवाल्याने दार उघडून धरलं, वर जिन्यापर्यंत सोडायला आला.

टेकडीवरची शाळा: इथे तर कहर. "बदली बाई तुम्हीच का?" असं गेटवाल्यानेच त्यांना विचारलं. या म्हणाल्या, हो. दुसरीच्या वर्गावर नेऊन बसवलं. अर्धा तास गोष्ट सांगून आल्या. मुलं सोडेनात. मुख्याध्यापिका दारावरून गेल्या, वर्ग शांत बघून समाधानाने मान हलवून पुढे गेल्या.

मला हसू आवरेना. घरी येऊन अहवाल लिहायला बसले आणि मग हसू गेलं. केकच्या खोक्यात काहीही असू शकलं असतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

साहेब अहवाल वाचताना आधी हसले, मग चष्मा पुसला. तेवढ्यात टेकडीवरच्या मुख्याध्यापिकेचा फोन; त्यांनाही अहवालाची प्रत गेली होती. आवाज पलीकडच्या खोलीत जाईल असा. "घरची म्हातारी पाठवून आमची परीक्षा घेता? ही काय पद्धत झाली? मी वर लिहिणार आहे!" मी म्हटलं, बाई, ती म्हातारी तुमच्या दुसरीच्या मुलांबरोबर अर्धा तास एकटी होती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी बघितलं होतं त्यांना. मला वाटलं, किती छान शिकवतायत."

त्या वर लिहिणार नाहीत. साहेबांनी ठरवलं: शाळांना सांगून ठेवायचं की चाचणी होईल. कधी होईल, कोण येईल, ते सांगायचं नाही.

सासूबाईंना सांगितलं. "म्हणजे नोकरी पक्की," म्हणाल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गेटवाले आता सगळ्यांनाच अडवतात. पाण्याच्या टाकीवाल्याला अडवलं. एका आईला स्वतःच्या मुलाचं पूर्ण नाव, तुकडी आणि वर्गशिक्षिका विचारली. तिला तुकडी येईना, ती रडकुंडीला आली. आणि आज पहिलवानाने साहेबांना अडवलं. साहेब म्हणाले, "अरे, मी साहेब." पहिलवान म्हणाला, "सगळे हेच म्हणतात. बसा."

साहेब बसले. नंतर मला फोन करून म्हणाले, "चांगलं चाललंय," पण आवाज जरा आखडलेला होता.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाजारातल्या शाळेत आगीची कवायत. सासूबाईंना आज घुसखोरी नव्हती. रीतसर पाहुण्या म्हणून नाव नोंदवून वरच्या मजल्यावर वाचनालयात बसवलं. बघायचं होतं की घंटा झाल्यावर पाहुण्यांचं काय होतं.

घंटा झाली. मुलं रांगेने खाली आली, अगदी नमुनेदार. पहिलीची तर एका दोरीला धरून, मुंग्यांसारखी. शिक्षकांनी हजेरी घेतली, सगळी मुलं हजर. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक सर भाषणाला उभे राहिले: "आपल्या शाळेत एकही जीव मागे राहत नाही—" आणि वरच्या खिडकीतून आवाज आला, "अहो सर, मी जळाले का अजून आहे, तेवढं सांगा. म्हणजे तसं बसायला."

अख्खं मैदान हसलं. सरही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. पाहुण्यांची नावं वहीत होती, वही गेटवर होती, आणि गेटवाला टाळ्या वाजवत होता. आता नियम: घंटा झाली की ती वही गेटवाल्याच्या हातात, मैदानात.

येताना आम्ही दोघी चालत आलो. वाटेत थांबून पोट धरून हसलो. एक माणूस वळून बघायला लागला तर म्हणाल्या, "माझी सून आहे. कामावर असते." ते असं म्हणाल्या की मी पुढचा सगळा रस्ता जरा ताठ चालले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नवरा म्हणतो, तुम्ही दोघी आजकाल मला जेवायला विचारत नाही.

खरं आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज गोंधळ. टेकडीवरच्या शाळेत जायचं ठरलं होतं. मी तिथे झाडामागे उभी, आणि सासूबाईंचा पत्ता नाही. फोन उचलेनात. शेवटी पहिलवानाचाच फोन आला — पुलाजवळून. "मॅडम, अडवलं हो आजींना! चष्मा नाही, काही नाही, म्हटलं आधी खुर्ची, मग नाव, मग फोन." त्याला आकाश ठेंगणं झालं होतं.

मी जाऊन जरा चिडूनच विचारलं, आई, टेकडी ठरली होती ना? क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला कळेल अशा ठिकाणी गेले, तर ती घुसखोरी कसली?"

बरोबर आहे म्हणा. मलाच गाफील पकडलं! साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, बाई तुमच्यापुढे आहेत. त्यांना सगळ्या गेटवाल्यांपुढे बोलायला बोलवू या.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

उद्याच्या भाषणासाठी साडी कुठली, यावर संध्याकाळ गेली. मी निळी म्हटलं. त्यांनी निळी काढली, पलंगावर ठेवली, आणि थोड्या वेळाने येऊन विचारलं, "कुठली नेसू गं?" घाबरल्यात. एवढ्या शाळा फोडल्या तेव्हा नाही घाबरल्या, माईकला घाबरल्या! मला मजा वाटली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सभागृह भरलेलं. सगळ्या शाळांचे गेटवाले, इस्त्रीच्या गणवेशात, लग्नाला आल्यासारखे. साहेबांनी ओळख करून दिली: "आपल्या सगळ्यांना फसवणाऱ्या बाई." टाळ्या.

काय बोलल्या! कागद नाही, काही नाही. "माझ्यासारखीला अडवायला तुम्हाला लाज वाटते. म्हातारी आहे, कुणाची तरी आई आहे. वाटू दे लाज. लाज ठेवा आणि अडवा. आधी खुर्ची द्या. उभ्या माणसाला प्रश्न विचारला की भांडण होतं, बसलेल्याला विचारला की गप्पा होतात. त्याला वाटलं पाहिजे, हे मला हाकलत नाहीत, माझी काळजी घेतायत. आणि तो कोण, कुठला हे कळेपर्यंत आत सोडू नका. आणि एकटाही सोडू नका."

साहेब लिहून घेत होते. साहेब!

मधे एकदा थांबल्या. बराच वेळ. समोर बघत. मग त्या जुन्या, गोड आवाजात म्हणाल्या, "कुठला नंबर हवाय आपल्याला?" सभागृह हास्यात बुडालं. मी पण हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहिलवान ओरडला, "आजी, पोलीस द्या!" आणखी हशा. त्याही हसल्या, जरा उशिरा.

नंतर सगळे पाया पडायला रांगेत. मला म्हणाल्या, "दमले गं. घरी ने."

सोमवार, १ डिसेंबर

साहेबांचं पत्र आलं. वर्षभराच्या चाचण्यांना मंजुरी! मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःहून विचारलंय, आमच्याकडे पुन्हा कधी पाठवता. पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "छान." थोड्या वेळाने विचारलं, "कुणाचं पत्र आलंय?" टीव्हीचा आवाज मोठा होता.

मंगळवार, २ डिसेंबर

दिवसभर शाळांमधल्या धूर ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी. पाय गेले. सासूबाईंशी बोलणं झालं नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज कुठेही चाचणी नव्हती.

दुपारी पहिलवानाचा फोन. खुशीत होता. "मॅडम, आजी आल्यात. खुर्चीवर बसवलंय, आत सोडलं नाही, एकटं सोडलं नाही. पण आज काय काम करतायत! म्हणतात, तिसरीतल्या मुलाला न्यायला आलेय, शाळा सुटायची वेळ झाली. मी म्हटलं, आजी, ओळखलं, पुरे आता. तर खरंच रडायला लागल्या. पास ना मी?"

म्हटलं, पास. तिथेच थांब. त्यांचा हात सोडू नकोस.

नवऱ्याला त्याच्या ऑफिसातून घेतलं. त्या गेटजवळ बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. पहिलवान शेजारी उकिडवा, त्याला आता कळलं होतं. नवरा पुढे झाला, "आई" म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं, आणि अदबीने पदर सावरला. मग माझ्याकडे वळल्या.

"शाळा सुटली का हो, बाई?"

सुटली, म्हटलं.