मामांचे हसरे चेहरे आणि एक रिकामा चौकोन

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर परवानगी देत नाही. खुर्चीत बसूनच घातला असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात, असं आई म्हणते.)

आमच्या छापखान्यात तुमच्या आठवणींची ब्रेल प्रत निघतेय, काळजी नसावी. फक्त मामा, प्रत्येक विनोदापुढे तो हसणारा पिवळा चेहरा कशाला? आमच्या ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो ओळखता येत नाही, आणि न ओळखलेलं ते गुपचूप गिळतं. त्यामुळे 'माझा मित्र वजीर एक नंबरचा गाढव' यापुढचे चेहरे त्याच्या पोटात गेले, नुसता गाढव उरला. आणि प्रुफं तपासायला कोण? स्वतः वजीरकाका! (बुद्धिबळात आधी वजीर घालवणारे तुमचे तेच मित्र. दृष्टी गेल्यावर ब्रेल शिकले, आता आमच्याकडे बोटांनी चुका पकडतात. माझ्या जरा जास्तच.) ते वाक्य त्यांनी दोनदा चाचपलं आणि दिवसभर चहाला शिवले नाहीत.

मी संगणकवाल्याला झापलं, तर त्याने दुसरं टोक गाठलं. सॉफ्टवेअर प्रत्येक चेहऱ्याचं वर्णनच लिहू लागलं: 'हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा', पानोपानी. पुस्तक फुगलं आणि तुमचा विनोद (मुळात नाजूक प्रकृतीचा) त्याखाली चिरडला गेला. काका म्हणाले, "अगं, हा हसवतोय की हसणाऱ्यांची हजेरी घेतोय?" शेवटी निकालही त्यांनीच दिला. "ओळखता येत नाही तर तसं सांगा ना! इथे काहीतरी आहे, एवढी खूण ठेवा, मग मी विचारीन. गाळूनच टाकलंत तर विचारू काय, कपाळ?" आता तशी खूण उमटते. काकांचा चहा पुन्हा सुरू झालाय, मला बोलणंही. एकूण मजेत आहोत.

तुमची भाची

ता.क. 'गाढव' तसाच ठेवायला काकांची हरकत नाही.

ता.क. दुसरा : खरं काम हे. काकांची दृष्टी गेली त्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, 'त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो आणि मला...' पुढे शब्दच नाही, एक चिन्ह. तिथे खूण उमटली. काका रोज विचारतात, "काय आहे गं तिथे?" मी तुमची मूळ प्रत उघडली, तर माझ्या पडद्यावरही नुसता रिकामा चौकोन. डोळे असून मीही काकांच्याच ओळीवर अडलेय. काय होतं ते कळवा. शब्दांत कळवा.

ता.क. तिसरा : मला नको, थेट काकांनाच फोन करा. (हसरा चेहरा असेल तर मात्र आधी मला.)