पल्याड कोण उभं हाय

सर, आज तुमचं वाक्य मी दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, आता तरी हे संपायला हवं होतं. नाही संपलं. कोराडीवाल्याचा मला अजून तितकाच हेवा वाटतो आणि आता त्यात आणखी एकीची भर पडली आहे.

बर्डीच्या बाजारातली ती कपड्याच्या दुकानावरची खोली तुम्हाला आठवत असेल. आम्ही तिथे तुमच्याकडे कॉम्प्युटरची सी भाषा शिकायला यायचो. कॉम्प्युटर कमी, पोरं जास्त, आणि त्यात उन्हाळ्यात लाईट जायची. लाईट गेली की तुम्ही खडू खाली ठेवून कोराडीवाल्याकडे वळायचात. त्याचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते, तो तिथल्या कॉलनीतून बसने यायचा, शर्टाच्या कॉलरवर राखेची बारीक पूड घेऊन. "काहून गा कोराडीवाल्या, तुह्या बापानं बटन बंद केलं का आज?" वर्ग हसायचा, तो लाजायचा, आणि मी पहिल्या बाकावर बसून मनात म्हणायची, मला का नाही कधी असं काही बोलत? माझा प्रोग्राम त्याच्या आधी चालायचा. तुम्ही पडद्याकडे बघून "बरोबर" म्हणायचात आणि पुढे जायचात. त्याचा अडला की स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसायचात, आणि चूक सापडेपर्यंत तुमची दोघांची डोकी एकाच पडद्यापुढे. बरोबर असण्यात एवढा तोटा असतो हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

लाईट नसली की तुम्ही आमचीच लिंक्ड लिस्ट, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची साखळी, करायचात. सगळ्यांनी भिंतीला लागून ओळीत उभं राहायचं, प्रत्येकाने आपला डावा हात शेजारच्याच्या खांद्यावर ठेवायचा. तो हात म्हणजे पॉइंटर, पुढचा कुठे आहे ते दाखवणारा. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत, अख्खी ओळ कोणालाच माहीत नाही. ज्याच्या खांद्यावरचा हात गेला तो आणि त्याच्या पुढचे सगळे हरवले, त्यांनी जिन्यात जाऊन उभं राहायचं. एके दिवशी तुम्ही मला समोर बोलावलं आणि म्हणालात, "ह्याले काढ ओळीतून." बोट कोराडीवाल्याकडे. खरं सांगते सर, त्या वर्षात तुम्ही मला दिलेलं इतकं आवडीचं काम दुसरं नव्हतं. मी सरळ त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, "बस खाली." तो बसला. त्याचा हात पलीकडच्या मुलीच्या खांद्यावरून निघाला, आणि तिच्यापासून खिडकीपर्यंतची सगळी ओळ एका दमात हरवली. आधी त्याच्याकडून पुढचा खांदा मागून घ्यायचा, मागच्याचा हात तिथे न्यायचा, मग त्याला मोकळं करायचं, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कागदावर मी ते कधी चुकले नव्हते. पोरं खिदळत जिन्यात गेली, तिथून खाली रसवंतीवर गेली. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "ज्याले काढाचं त्याच्याकडंच पाहून राहिली वं तू. त्याच्या पल्याड कोण उभं हाय, ते कोण पाहीन?" खाली बसलेला तो शहाणा मला हळूच म्हणतो, "माह्याजवळून हात घ्या लागत होता आधी." जसं काही मला माहीतच नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हाही तोच पुढे. बातमी कळल्यावर मी धावत आले तर त्याने तुम्हाला खांदा दिला होता, आणि मी बायकांच्या घोळक्यात दाराशी उभी. लोक रडत होते. मीही रडले, पण माझं निम्मं रडणं त्या खांद्यासाठी होतं.

आता मी शहराबाहेर, वाडीच्या पुढे, एका कॉलेजात विभागप्रमुख आहे. माझ्या हाताखाली एक तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारी बाई आहे, वयाने माझ्या निम्मी. ट्रकांच्या गर्दीतून स्कूटीवर येते, स्कार्फ सोडता सोडता वर्गात शिरते, आणि पोरं तिच्यावर जीव टाकतात. माझ्या केबिनशी येऊन मलाच विचारतात, "मॅडम, त्या मॅडम कुठं गेल्या?" माझ्याबद्दल कोणी असं विचारल्याचं ऐकिवात नाही. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, यावर प्राचार्यांनी माझा अभिप्राय मागितला. मी लिहिला. वर्गात शिस्त नाही, बाकांची ओढाओढ होते, मुलं तासाला बाहेर फिरताना दिसतात. एकही वाक्य खोटं नव्हतं. असे अभिप्राय लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आज सकाळी, द्यायच्या आधी एकदा खातरजमा करावी म्हणून, तिच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. खातरजमा कसली, आणखी एखादं वाक्य मिळालं तर बघावं म्हणून.

आत मुलं भिंतीला लागून उभी होती. प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर. एका पोराने मधल्या मुलीला खाली बसवलं आणि तिच्या पलीकडची ओळ हसत हसत माझ्या अंगावरून व्हरांड्यात आली. आणि आतून तिचा आवाज, "ज्याले काढाचं त्याच्याकडंच पाहून राहिला रे तू. त्याच्या पल्याड कोण उभं हाय, ते कोण पाहीन?"

तास संपल्यावर मी तिला गाठलं आणि हे कुठून शिकलात, असं शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं. ती घाबरली. "कोराडीले आमच्या कॉलनीत एक काका हायेत मॅडम, पॉवर हाऊसमधी. ड्युटीवरून आले की आम्हा पोरायले शिकवाचे. त्याहीचे सर होते म्हणे बर्डीले, ते असंच शिकवाचे." मग म्हणाली, "गोंधळ होते मॅडम, मले मालूम हाय. पण पोरायले समजते." म्हणजे तुम्ही त्याच्याकडून तिच्याकडे गेलात, तिच्याकडून त्या व्हरांड्यातल्या पोरांकडे चालला आहात, आणि मी वाटेत कुठेच नाही.

केबिनमध्ये आले आणि तो अभिप्राय पुन्हा वाचला. मी तिच्याकडेच पाहून लिहिला होता. फाडला आणि नवा लिहिला, तिला ठेवावं म्हणून. माझं मन मोठं झालं असं समजू नका, ते आहे तेवढंच आहे. पण ती गेली असती तर पुढच्या वर्षीपासून तुमचं वाक्य त्या इमारतीत कोणी बोललं नसतं. मी ते एवढ्या वर्षांत एकदाही वर्गात बोलले नाही. मी लिंक्ड लिस्ट फळ्यावर शिकवते, चौकोन आणि बाण काढून, अगदी बरोबर.

संध्याकाळी ती संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली. तिला कुठून तरी कळलं होतं; आमच्या ऑफिसात काही लपून राहत नाही. मी एक तुकडा घेतला. ती दाराशी थबकली आणि तिने विचारलं, "मॅडम, तुमाले कोणी शिकवलं होतं सी?" तेव्हा सांगता आलं असतं. तिचे डोळे मोठे झाले असते, तिने लगेच कोराडीला फोन लावला असता, तो तिकडून आनंदाने ओरडला असता, तेवढा भला तो आहेच.

मी म्हटलं, "पुस्तकातून शिकले."

तुम्ही माझे सर होतात हे कोणाला सांगितलं की तुम्हाला वाटून घ्यावं लागतं. आणि तुम्ही माझ्या वाट्याला आधीच इतके थोडे आला होतात.