शोकेस क्रमांक चारमधील डबा

प्रति,
मा. अधीक्षक,
पुराणवस्तू संग्रहालय.

विषय : रोमन नाण्यांसोबत चुकून जमा झालेल्या घरगुती पितळी डब्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज व त्यांना आलेली 'कार्यवाही चालू आहे' अशी सहा उत्तरे.

महोदय,

१. अर्जदाराचा भांड्यांना पॉलिश करण्याचा धंदा आहे. गेल्या वर्षी दुकानातील मोरी दुरुस्त करताना फरशीखाली मातीचे मडके लागले. पहारीच्या घावाने ते फुटले व आतून सोन्याची एकशे बारा नाणी निघाली. ती रोमन आहेत हे अर्जदारास आपल्याच कार्यालयात कळले. अर्जदाराने त्यातले एकही स्वतःजवळ ठेवले नाही. शेजाऱ्यांनी त्यास वेड्यात काढले, पत्नी दोन दिवस बोलली नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

२. चूक झाली ती पुढे. सरकारी कचेरीत सोने फुटक्या मडक्यातून नेणे बरे दिसणार नाही, म्हणून अर्जदाराने आईचा पितळी डबा रिकामा केला, धंद्याच्या सवयीने घासून लख्ख केला आणि त्यातून नाणी आणून दिली. खापरे राडारोड्याबरोबर टाकून दिली. पावतीवर 'नाणी, मूळ भांड्यासह' असे लिहिले होते. अर्जदाराने न वाचता सही केली.

३. तो डबा अर्जदाराच्या वडिलांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी आईसाठी स्वतः ठोकून बनवला होता. पुढे बिजागरी निखळली तेव्हा त्यांनी सायकलच्या चाकाची तार कापून तीत घातली. आपल्या पुस्तिकेत (पान ९) ही तार 'रोमन धातुविद्येची थक्क करणारी झेप' म्हणून छापली आहे. रोमन लोक सायकल चालवीत होते किंवा कसे, याची अर्जदारास कल्पना नाही. त्याच पानावर 'अठराशे वर्षे टिकलेली झळाळी' असेही म्हटले आहे. ती झळाळी आदल्या संध्याकाळची होती.

४. पुरावा म्हणून पाचव्या अर्जासोबत आईवडिलांचा डब्यासह काढलेला जुना फोटो जोडला. त्यावर, 'सदर ठेवा आपल्या कुटुंबास पूर्वीपासून ज्ञात असल्याचे दिसते, सबब खुलासा करावा' अशी नोटीसही नेहमीच्या उत्तरासोबत आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. अर्जदाराने तीन पानी खुलासा दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

५. आईचे वय ब्याऐंशी आहे. तिची सुया-बटणे वर्षभर प्लास्टिकच्या पिशवीत पडली आहेत. नवा डबा तिने घरात येऊ दिला नाही. दर पंधरवड्यास ती तिकीट काढून आपल्या संग्रहालयात येई व शोकेस क्रमांक चारसमोर उभी राही. शेवटच्या खेपेस म्हणाली, "काळा पडलाय रे. तुझ्या बाबांनी हा असा बघितला असता तर जेवले नसते." पहारेकऱ्याने काचेला हात लावू नका म्हणून सांगितले. तो बिचारा आपली नोकरी करत होता. आता डॉक्टरांनी तिला जिने चढण्यास मनाई केली आहे आणि आपल्या संग्रहालयास बत्तीस पायऱ्या आहेत.

६. महोदय, अर्जदार थकला आहे. डबा परत मागण्याचा हट्ट तो सोडत आहे. तो रोमन आहे असे आपले म्हणणे असेल, तर असू द्यावा. विनंती एवढीच की, एकदा काच उघडून अर्धा तास तो डबा घासू द्यावा. पावडर व कापड मी घरून आणीन, शेजारी पहारेकरी उभा करावा. आई रोज विचारते, डबा कसा आहे. लखलखतोय, असे मी सांगतो. तिच्या हयातीत एकदा तरी हे खरे सांगता यावे.

उत्तराची वाट पाहण्याची सवय झालेला,
आपला नम्र,
(सही)
भांडी पॉलिशवाला

दिनांक : १९ नोव्हेंबर

सोबत :
१. सहा अर्जांच्या पोचपावत्या.
२. डॉक्टरांची चिठ्ठी.
३. संग्रहालयाची तिकिटे, एकूण अठरा.
४. वडिलांच्या हत्यारपेटीत सापडलेला, त्याच सायकलच्या तारेचा उरलेला तुकडा. (पाहून झाल्यावर परत मिळावा.)