आत्या, नुसतं ‘हो’ लिही

आचोळे, नालासोपारा पूर्व
रविवार

तीर्थरूप मनोरमाआत्यास सुरुचीचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरलीय, म्हणून मनातल्या मनात घातलाय. तूही आशीर्वाद मनातल्या मनात दिलास तरी चालेल.) गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला का? तुमच्या वटारच्या वाडीत यंदा केळी कशी धरलीत? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे माझी नोकरी जायची वेळ आलीय, बाकी टँकर वेळेवर येतोय.

मी नेमकं काय काम करते, असं तू दर गणपतीत विचारतेस आणि मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून मोदक तोंडात घालते. आज सांगते, कारण आता तुझ्यावाचून गती नाही. आमच्या कंपनीचा एक एजंट आहे. विम्याचा नव्हे, एआयचा, हाडामांसाचा नसलेला. लोकांनी क्लाउडवर टाकलेल्या फायली तो आवरून देतो. त्याच्या हाती एक टूल दिलंय, त्याने फाइल न उघडताच तिची कुंडली कळते: नाव काय, मालक कोण, केवढी आहे, शेवटचा हात कोणी लावला. तू नाही का फणस न कापता नुसता वाजवून सांगतेस, तसंच. हे टूल कसं वापरायचं ते एजंटासाठी लिहून काढायचं, हे माझं काम. माणसांसाठी लिहिलेली माहिती माणसं वाचत नाहीत. हा मात्र अक्षर न् अक्षर वाचतो आणि तस्साच वागतो. तिथेच सगळं बोंबललं.

मी मोठ्या शहाणपणाने लिहिलं होतं की फाइल हलवण्याआधी मालकाला विचारावं आणि स्पष्ट होकार येईपर्यंत थांबावं. आमचे मर्विन सर (आपल्या वसईचेच, स्वभावाने सोन्यासारखे, फक्त घाईचे) म्हणाले की चाचणी खऱ्याखुऱ्या पसाऱ्यावर घे. आता आपल्या घरच्या फोल्डरपेक्षा खरा पसारा जगात कुठला? आमच्या परेशच्या लग्नाच्या वेळी ते खातं तुझ्या नावाने उघडलं आणि तेव्हापासून अख्ख्या खानदानाने त्यात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं कोंबलंय. ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका खरी फायनल’, ‘पत्रिका आत्याने बदललेली’. टूलला विचारावं तर प्रत्येक फाइलची मालकीण एकच: मनोरमा. म्हणून एजंटाने तुला अदबीने मेल लिहिली, की आदरणीय मनोरमाताई, ही पत्रिका जुन्या फायलींत हलवू का?

आणि तू काय लिहिलंस? ‘बघू.’ दुसऱ्या फाइलला लिहिलंस, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मी कोण सांगणारी?’ तिसऱ्या फाइलला, ‘आधी जेवलास का ते सांग.’ संध्याकाळी एजंटाचा अहवाल आला: मालकीण आपण मालकीण असल्याचं नाकारत आहेत, जेवणाची चौकशी करत आहेत, पुढे काय करू? मी हसून हसून खुर्चीवरून पडले. (पाठ तेव्हाच धरली.)

मग मला वाटलं, चूक तुझी नाही, माझ्या लिखाणाची आहे. आपल्याकडे कोण कधी सरळ ‘हो’ म्हणतं? पंगतीत पहिलं ‘नको’ पोटाचं नसतं, दुसरं लाजेचं असतं, तिसऱ्याला वाढप्या बेधडक वाढतो. मी झटक्यात नियम लिहिला: मालक ‘नको’ म्हणाला तर आग्रह करावा, तिसरं ‘नको’ आलं की होकार समजावा. आणि खरंच सांगते, काय सुरेख चाललं तुमचं! तू नको-नको म्हणत राहिलीस आणि लग्नाच्या सगळ्या याद्या जागच्या जागी लागल्या. माझी छाती गर्वाने फुगली.

फुगली, तेवढ्यात मर्विन सर आले. मंगळवारी गिऱ्हाइकाला दाखवायची सगळी तयारी त्यांनी स्वतःच्या नावाने एका फोल्डरमध्ये करून ते, खऱ्या पसाऱ्यातच दाखवू म्हणून, आपल्याच घरच्या पसाऱ्यात टाकलं आणि चाचणी बघत बसले. एजंटाने विचारलं, हे जुनं दिसतंय, टाकून देऊ का? सरांनी घाबरून एका दमात टाइप केलं, ‘नको रे बाबा, नको, नको!’

एजंटाने मोजले. तीन झाले. वाढलं.

फोल्डर कचऱ्यात गेलं आणि सरांचा चेहरा सुकटासारखा झाला. मी तो नियम खोडला आणि जुना परत आणला. एजंट म्हणाला, उत्तम, पण फोल्डर आता कचरापेटीत आहे, कचरापेटी खात्याची, खातं मनोरमाताईंचं. त्यांचा स्पष्ट होकार आणा. आणि नेमकी तूच रुसून बसलीस! मी त्याला तुझ्याशी गप्पा मारायला बंदी केली, हे तुला परेशने सांगितलं ना? चुकलं माझं. तो पोरगा नाहीये गं आत्या, त्याला जेवायला बोलावून उपयोग नाही, पण मी बंदी उठवलीय. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मंगळवारच्या आत त्याच्या मेलला उत्तर दे, आणि एकच अक्षर लिही: हो. ‘बघू’ नाही, ‘तुमची मर्जी’ नाही, गुडघ्याचं काही नाही. नोकरी तुझ्या त्या एका अक्षरावर लटकलीय आणि मला खरोखर भीती वाटतेय.

तुझी लाडकी (अजून असेन तर),
सुरुची

ता. क. हे पत्र मेलनेच येणार होतं. एजंटाने अदबीने विचारलं, पाठवू का? मी सवयीने लिहून गेले, ‘बघू.’ तो अजून थांबलाय. म्हणून छापून परेशच्या हाती देतेय. शेवटी भाची कोणाची?

ता. क. २. परेश परत येताना त्याच्याबरोबर तुझ्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवू नकोस. नको गं, उगाच तुला त्रास. (मोज. दोनच झालेत.)