पाण्याखालचं कव्हर

१७ फेब्रुवारी, दुपार

चि. चिमणीस,

आशीर्वाद. पन्नाशीला टेकलीस तरी माझ्या लेखी तू चिरंजीवच. त्याबद्दल काही म्हणणं असेल तर ते जन्मक्रमाकडे मांडावं.

माझी मात्र एक गंभीर तक्रार आहे. वाढदिवसाला तू पाठवलेली केटली ही विश्वासघातकी वस्तू आहे. खोक्यावर 'शिटी वाजवणारी' असं ठसठशीत छापलंय. मी तिच्यासमोर भक्तिभावाने बसतो. ती फुरफुरते, वाफ सोडते, झाकण थडथडवते. शिटी म्हणून नाही. परवा पाणी आटून बूड काळं झालं. खोक्यावर एक आणि आत भलतंच, हा गुन्हा निदान माझ्या धंद्यात तरी अक्षम्य. दुकानदाराला लिहायचं खरमरीत पत्र मनात तयार आहे. त्यात 'अनृत' हा शब्द दोनदा येतो.

बाकी क्षेम. खिडकीतलं ऊन दुपारी टेबलावर येतं, ब्रशांच्या बरणीभोवती एक फेरी मारतं आणि जातं. त्याच्याइतकं नियमित इथे कुणी येत नाही.

आता तुझ्या नव्या अल्बमच्या कव्हरविषयी. हल्ली ते फोनवर नखाएवढं दिसतं, पण त्या नखातही सगळं मावावं लागतं. गंभीर गायकाने अर्धवट वळून अंधारात पाहावं, लोकप्रिय गायकाचे दात दिसावेत, आरडाओरडा करणाऱ्यांची अक्षरं फुटक्या काचेसारखी असावीत, हे आम्हा कव्हर काढणाऱ्यांतले अलिखित नियम. माणूस आधी डोळ्यांनी ऐकतो, मग कानांनी. तुझ्या पहिल्या अल्बमवर मी उघडी खिडकी आणि वाळत घातलेला फ्रॉक काढला होता. आत काय आहे हे दुकानात कुणाला विचारावं लागलं नाही.

माझी पद्धत तुला ठाऊक आहेच. गाण्यांविषयी कुणी एक अक्षर सांगायचं नाही, शब्दांचा कागद दाखवायचा नाही. मी डोळे मिटून ऐकणार आणि जे दिसेल ते काढणार.

या वेळी डोळे मिटले आणि खोलीत पाणी भरू लागलं. आधी कपाटाचे पाय बुडाले, मग खुर्ची, मग टेबलावरचा दिवा. तो पाण्यातही जळत राहिला. तू कुठून तरी गात होतीस, जाड काचेपलीकडून, आणि तुझा आवाज दगडी पायऱ्यांसारखा खाली खाली उतरत होता. तिसऱ्या गाण्यात तर तू मध्येच गप्प झालीस. ती शांतता इतकी लांब आणि इतकी हिरवी होती की मी तीच चित्राच्या मधोमध ठेवली. चित्र कंपनीकडे धाडलं आणि सोबतच्या चिठ्ठीत तुला लिहिलं, 'शास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानतात. तू आता अभाव गाऊ लागलीस. चिमणीचा राजहंस झाला.' फार खूश होतो गं मी.

कंपनीचा मॅनेजर लगेच हजर. "काका, चित्र एक नंबर. पण हे बघून माणूस दिवे मालवून रडायच्या तयारीने बसणार आणि आतून निघणार खिदळणारी गाणी. शिव्या कोणी खायच्या?"

"तुमचे कान अजून कोवळे आहेत," मी म्हणालो. "खोली कळायला वय लागतं."

मग तुझा फोन आला. "दादा, कसली शांतता?"

"तिसऱ्या गाण्यातली. दुसऱ्या कडव्यानंतर थांबतेस ती."

"थांबत नाही रे मी. तिथे शीळ घातलीय. तूच शिकवलेली, गच्चीवर. मुद्दाम तुझ्यासाठी घातली."

"अगं, तेच म्हणतोय. शीळ म्हणजे सुरेल मौनच."

"फेकू नकोस, दादा."

मग मी सर्दीवर ढकललं. सर्दी बिचारी कधी उलट बोलत नाही.

फोन ठेवल्यावर तिसरं गाणं पुन्हा लावलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ पळते ना, ती पाहत बसलो. दुसरं कडवं संपलं. रेघ तिथे थांबली नाही. वाऱ्यावरच्या दोरीसारखी थरथरत राहिली. खोलीत चिडीचूप. तू गात होतीस आणि मी बघत होतो. पहिल्या गाण्यात म्हणे छोट्या घंटा आहेत, सगळीकडे ऊन सांडल्यासारख्या. मॅनेजर सांगत होता. असतील.

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, शेजारीणबाईंनी दार ठोठावलं. "अहो भाऊजी, ती केटली केव्हाची किंचाळतेय! आमचा कुत्रा वेडा व्हायचा राहिलाय." मी मागे वळून पाहिलं. केटली फुरफुरत होती, वाफ सोडत होती, अगदी निरागस चेहऱ्याने. तेव्हा वरची तक्रार मागे घेतो. खोक्यावर खरं तेच छापलंय. दुकानदार सुटला.

ते चित्र परत मागवलंय. ते खोटं नाही, पण ते तुझं नव्हे. मला जे ऐकू आलं त्याचं ते कव्हर आहे. तुझं नवीन काढायला हवं आणि ते मला एकट्याला जमणार नाही. तू ये. माझ्याशेजारी बस आणि ऊन कुठे पडतं ते बोटाने दाखव. कुणी बोलायचं नाही हा माझा नियम मी मोडतो. कानांच्या डॉक्टरांकडेही तूच ने. एकटा गेलो तर मी त्यांच्याशी वाद घालत बसेन.

चिमणे, कान म्हातारे होतात, त्याचं मला एवढं काही नाही. पण डॉक्टर म्हणतील की वरचे सूर आधी जातात, आणि आपल्या घरात सगळ्यांत वरचा सूर तुझा आहे. मला त्याची भीती वाटते.

येशील तेव्हा दाराशी शीळ घालू नकोस. बेलही वाजवू नकोस. किल्ली शेजारीणबाईंकडे ठेवतो. सरळ आत ये आणि खांद्यावर हात ठेव.

वाट बघणारा,
दादा