अर्धं घर आणि एक सही

मी, लाँड्रीवाली, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. आमच्या घरात शुद्धीचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

१. दुकानाचा गाळा, वाफेची इस्त्री आणि कपाटं लेकीला. नवऱ्याच्या खिशांत जे सापडायचं ते मी वेळच्या वेळी मोरीत ओतलं असल्याने त्याची वाटणी करण्याचा प्रश्न नाही.

२. "एका पेल्याने काय होतंय, वहिनी," म्हणत बाटली घेऊन येणाऱ्या धाकट्या दिरांना काचेचे सगळे पेले. पाणी प्यावं. मीच नवऱ्याला धाकात ठेवलं नाही, असं नणंदबाईंचं मत आहे. त्यांना त्यांचा भाऊ, दर रविवारी, सकाळपासून. धाक दाखवून बघावा.

३. राहतं घर. इथे माझं घोडं बरेच महिने अडलं होतं. नवऱ्याने दारू सोडल्याला दुसरं वर्ष चालू आहे, पण याआधीही सोडली होतीच. घर त्यांच्या हाती गेलं आणि पुन्हा सुरू झाली, तर लेकीला काही उरणार नाही. लहानपणी ती जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायची, आज जेवायचं की पांघरुणात शिरायचं. तिच्या लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून सही वडिलांची व्हायची होती. हे कचेरीच्या बाकावर घोरत होते. सही शेजारच्या चष्मेवाल्याने केली. तरी हा माणूस मला आवडतो. म्हणून अर्धं घर त्यांना आणि अर्धं लेकीला लिहिलं.

४. काल वकीलबाईंनी सांगितलं, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. शेजारचा चष्मेवाला एक झाला, दुसरा साक्षीदार कुठून आणावा, या विचारात मी होते. हे चादरींच्या घड्या घालत होते. म्हणाले, "माझं अर्धं खोडून टाक. लेकीच्या कागदावर माझी एक सही राहिलीय, ती करू दे."

मी विचारलं, मी गेल्यावर राहाल कुठे?

"ती ठेवील तिथे. नाही ठेवलं, तर तेही बरोबरच आहे."

लेकीला फोन केला. ती म्हणाली, पुढची खोली बाबांचीच, पण सहीच्या वेळी मी समोर असणार.

सबब कलम ३ मधलं नवऱ्याचं नाव खोडलं आहे. पूर्ण घर लेकीचं. लिहिताना मला रडू आलं, ते आनंदाचं समजावं.

ठिकाण: लाँड्रीच्या मागची खोली
दिनांक: ४ मार्च, सोमवार, दुकान बंद
लिहून देणार: लाँड्रीवाली (सही)

साक्षीदार:
१. शेजारचा चष्मेवाला (सही)
२. लेकीचे वडील (सही. कागद लेकीने धरला.)