कात्री न लावता

वडगाव, बेळगाव
६ जुलै २०२५

ति. बायाक्कास,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे फोन केला की दाजी स्पीकर लावतात आणि सगळी गल्ली ऐकते, म्हणून हे पत्र. माझ्या मागावरच्या ज्या साड्या तुझ्याकडे विक्रीला पाठवतेय, त्यांतल्या हिरव्या साडीच्या घडीत ठेवलंय. गिऱ्हाइकासमोर झटकू नकोस.

बातमी अशी, की एचआयव्हीसह जगणाऱ्या आम्हा बायकांचं बेळगावात शिबिर आहे. जुन्यांनी नव्यांना धीर कसा द्यायचा, त्यांच्यासाठी दवाखान्यात कसं बोलायचं, ते शिकवणार. माझी निवड झाली. तुझी श्रिया शाळेत होती तेव्हापासून मी गोळ्या घेते. या जुनेपणावरच मला पुढारी करताहेत. शेवटी निपाणीच्या मेळाव्यात नाव सांगून बोलायचं आहे. माहेरी हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि श्रियाचं लग्न निपाणीतच जुळतंय. तू नको म्हणालीस तर बोलणार नाही.

लोभ आहे, तो रागावतानाही असू दे.
तुझी,
नीला

बोरगाव
१० जुलै

चि. नीलास, अ. आ.

साडी झटकली. पत्र गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडलं. तिनं बिल समजून माझ्या हातात दिलं, म्हणून वाचले. पुढच्या वेळी ब्लाउजपीसला टाचून पाठव.

पुढारी हो गं. पाहुण्यांना पाणी द्यायला लाजणारी तू माईक धरणार, याचं हसू येतंय. पण निपाणीत नाव नको. साखरपुडा तोंडावर आहे. श्रियाची होणारी सासू बाळाबाई साडीचा काठही चष्मा लावून तपासते, नातेवाईक सोडेल का? सांबऱ्याच्या विमानतळाशी जाऊन बोल, विमानंही ऐकतील. निपाणीत 'वडगावची एक बाई' एवढंच म्हण. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तेवढं समजून घे.

आशीर्वाद नेहमीइतकेच, कमी केलेले नाहीत.
बायाक्का

वडगाव
२१ जुलै

ति. आक्कास, शि. सा. न.

तुझं ऐकते. 'वडगावची एक बाई' म्हणूनच बोलेन.

शिबिरात मात्र मी भांडले. शिबिर घेणाऱ्या ताईंनी आम्हाला गोल बसवून सुताचा गुंडा दिला. आपला एक गुण सांगायचा, सूत हातात धरून ठेवायचं आणि गुंडा दुसरीकडे फेकायचा. मोठं जाळं झालं. खेळ संपला म्हणून ताईंनी कात्री काढली. विणकराच्या घरात हे बघवतं होय? मी ओरडले, सुताला कात्री लावायची न्हाय, हलू नका कुणी. मग गुंडा आला त्याच वाटेनं परत गुंडाळायला लावला. ओढू नका, सैल सोडा, असा दम देत होते.

हात गुंतलेले, माना खाली. त्यामुळे गुंडा जाताना जे कुणी बोललं नव्हतं, ते तो परत येताना निघालं. जांबोटीची एक मुलगी म्हणाली, ओळखीचं कुणी बघेल म्हणून गोळ्या लांबच्या दवाखान्यातून आणते. बस चुकली की गोळी चुकते. तिनं मला विचारलं, तुम्ही कुणाच्या कोण? मी तुझंच वाक्य म्हणाले, 'वडगावची एक बाई'. तिनं मान हलवली आणि हातातलं सूत सोडून दिलं. ते मला लागलं, आक्का. तरी शब्द पाळीन.

ताईंनी मला गटप्रमुख केलंय. कात्री माझ्याकडे जप्त आहे.

माया सैल सोडू नकोस.
नीला

बोरगाव
२७ जुलै

चि. नीलास, अ. आ.

त्या पोरीनं सूत सोडलं, ते मला दिसतच राहिलं. शेवटी साड्या दाखवायच्या निमित्तानं बाळाबाईकडे गेले. दोन कप चहा घेतला, सगळ्या साड्या उलगडून झाल्या. मग सगळं सांगून टाकलं. तुला न विचारता सांगितलं, त्याचं भांडण निपाणीत येऊन कर.

तिनं चष्मा काढला. म्हणाली, पोरगी आमी करतोय, मावशी न्हाय. आणि ती जगतीया न्हवं, मग तू का रडालीस? मग आपली बीपीच्या गोळ्यांची डबी आणली, आणि तुला रोज गोळी आठवते कशी ते विचारायला सांगितलं. तिच्या दोन दिवसांच्या तशाच होत्या. लग्नाची साडी तुझ्याच मागावरची पाहिजे म्हणते. काठ तपासणार आहेच.

मेळाव्याला आम्ही दोघी पुढच्या रांगेत असू. त्या पोरीलाही बोलाव. नाव पूर्ण सांग. आणि कुणाची कोण, तेही सांग: बोरगावच्या बायाक्काची धाकटी बहीण. जरा मोठ्यानं बोल, मला हल्ली कमी ऐकू येतं.

आशीर्वाद या वेळी जास्तीचे.
तुझी,
बायाक्का